विश्लेषण : गॅस्ट्रिक बँड बसवला, पण वजनाचा काटा अडला; बँड आणखी घट्ट करून उपयोग होतो का?

पहिले वर्षभर उतरत गेलेले वजन एका आकड्यावर येऊन थांबते. खाणे तेवढेच, चालणे तेवढेच, तरी काटा हलत नाही. गॅस्ट्रिक बँड बसवलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हा टप्पा येतो. अशा वेळी रुग्णाची पहिली मागणी असते, ‘डॉक्टर, बँड अजून थोडा घट्ट करा.’ ही मागणी अनेकदा चुकीची ठरते आणि काहींचे वजन त्यानंतर उलट वाढू लागते. असे का होते?

बँड नेमका काय करतो?

गॅस्ट्रिक बँड म्हणजे जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसवलेले सिलिकॉनचे कडे. या कड्याच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखा फुगा असतो. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या ‘पोर्ट’ला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाइन भरले की कडे आवळते, काढले की सैल होते. बँडच्या मॉडेलनुसार त्यात साधारण ४ ते १४ मिलीलिटर सलाइन मावते. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन चमच्यांच्या आतला. अर्धा मिलीलिटर इकडे-तिकडे झाला तरी रुग्णाला फरक जाणवतो.

बँडमुळे वर एक छोटी पिशवी तयार होते, ती लवकर भरते आणि म्हणून माणूस कमी खातो, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. पुढच्या अभ्यासांत चित्र वेगळे दिसले. बँड योग्य प्रमाणात भरलेला असेल तर नीट चावलेला घास मिनिटभरात खाली सरकतो. तो सरकताना जठराच्या भिंतीवर दाब पडतो, तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत ‘पुरे’ असा निरोप जातो आणि भूक शमते. बँडचे काम अन्न अडवण्याचे नाही, भूक मंद करण्याचे आहे. वजन अडल्यावरचे बहुतेक गैरसमज हा फरक न कळल्यामुळे होतात.

आता ही शस्त्रक्रिया कमी का होते?

दुर्बिणीतून पहिला समायोज्य बँड १९९३ मध्ये बेल्जियममध्ये बसवला गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये ‘लॅप-बँड’ला मान्यता दिली. जठर कापावे लागत नाही, नको वाटल्यास बँड काढता येतो, यामुळे तो लोकप्रिय झाला. न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये गुपचूप बँड बसवून घेतला होता. मे महिन्यात ती बातमी फुटली.

तोपर्यंत उतरण सुरू झाली होती. अमेरिकेतील बेरिॲट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये तिथल्या दर तीन स्थूलताविरोधी शस्त्रक्रियांपैकी एक बँडची होती. २०१९ मध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेले. जागा घेतली ती स्लीव्ह शस्त्रक्रियेने. त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात. भारतातही आज स्लीव्ह आणि बायपासचाच बोलबाला आहे.

पण नवे बँड बसत नाहीत म्हणून जुने गायब होत नाहीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेला बँड पोटात घेऊन वावरणारे लोक जगभर आहेत आणि बँडमध्ये सलाइन कमी-जास्त करण्याचा रोजचा सराव असलेले डॉक्टर मात्र घटत आहेत. परदेशात बँड बसवून भारतात परतलेल्यांना हा प्रश्न अधिक छळू शकतो.

वजन थांबतेच का?

थोडे गणित करू. समजा, ४० वर्षांच्या एका महिलेची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो आहे. विश्रांतीत शरीर किती ऊर्जा खर्च करते हे काढण्यासाठी आहारतज्ज्ञ वापरतात ते मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र लावले, तर उत्तर येते दिवसाला साधारण १,७४० कॅलरी. वजन ८८ किलोवर आले की तेच उत्तर १,५२० होते. म्हणजे काहीही न करता रोजचा खर्च २२० कॅलरींनी, साधारण दोन पोळ्यांनी कमी झाला. हलके शरीर चालवायला, जिना चढवायलाही कमी ऊर्जा लागते; तो फरक वेगळाच. ज्या ताटाने ११० किलोवर वजन उतरत होते, त्याच ताटाने ८८ किलोवर ते जागच्या जागी राहते. यात आळस कुठेच नाही.

शिवाय शरीर प्रतिकारही करते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ५० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या या लोकांमध्ये भूक वाढवणारे घ्रेलिन वाढले होते, तृप्ती देणारे लेप्टिन घटले होते. वर्षभरानंतरही ही संप्रेरके मूळ पातळीवर आली नव्हती. ते आहाराने वजन घटवणारे लोक होते, शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हेत. पण बँडच्या रुग्णांनाही या यंत्रणेशी झगडावे लागते. स्लीव्हमध्ये घ्रेलिन तयार करणारा जठराचा मुख्य भागच काढला जातो. बँडमध्ये तो तसाच राहतो.

मग किती वजन घटणे ‘यशस्वी’ मानायचे?

इथे अपेक्षांचा घोळ होतो. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या दीर्घ अभ्यासात बँडच्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक, म्हणजे सरासरी २० टक्के घटले. दहा वर्षांनी ही घट १४ टक्क्यांवर होती. त्या अभ्यासातले काही बँड जुन्या, सलाइन कमी-जास्त न करता येणाऱ्या पद्धतीचे होते, हे लक्षात ठेवायला हवे. बायपासच्या रुग्णांत दहा वर्षांनंतरची घट २५ टक्के होती.

वरच्या उदाहरणातील महिलेला हे आकडे लावले तर वजन आधी ८८ किलोपर्यंत उतरते आणि दहाव्या वर्षी ९४-९५च्या आसपास असते. तिला मनातून हवे असतात ६० किलो. ८८वर काटा थांबला की ती ‘आपली शस्त्रक्रिया फसली’ असे समजते. प्रत्यक्षात मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखीवर परिणाम दिसण्याइतकी घट तिने गाठलेली असते.

बँडचा वेगही मुळात कमी. आठवड्याला अर्धा ते एक किलो आणि तीही दोन-तीन वर्षे, अशी त्याची चाल असते. शेजारच्या स्लीव्हवाल्याशी तुलना करून कुढणे व्यर्थ आहे. दोन आठवडे काटा हलला नाही तर त्याला अडणे म्हणत नाहीत. मासिक पाळी, बद्धकोष्ठता, खारट जेवण किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळे शरीरात साठणारे पाणीच किलो-दीड किलोचा फरक पाडते. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी वजन करून महिनाभर बदल दिसला नाही, तर मात्र कारण शोधावे.

बँड घट्ट केल्यावर वजन का वाढते?

बँडचे डॉक्टर तीन रंगांची भाषा वापरतात. पिवळा म्हणजे बँड सैल : लवकर भूक लागते, मोठे ताट संपते. हिरवा म्हणजे योग्य : थोडक्यात समाधान होते आणि ते काही तास टिकते. लाल म्हणजे जास्त घट्ट : घास अडकतो, छातीत दाटते, तोंडाला फेसाळ लाळ येते, उलटी होते, रात्री आडवे झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी येते.

गंमत अशी, की पिवळ्या आणि लाल दोन्ही टप्प्यांत वजन घटणे थांबते. लाल टप्प्यात काय होते ते मराठी स्वयंपाकघरात पाहू. पोळी अडकते. मोकळा न झालेला भात अडकतो. मटणाचा तुकडा तर हमखास. मटकीची उसळ नीट चावायला वेळ नसतो, म्हणून तीही वगळली जाते. मग सहज उतरते काय? चहात बुडवलेले बिस्कीट, आमरस, श्रीखंड, मिल्कशेक, आइस्क्रीम. चिवडा, शेव, वेफर्स यांचाही तोंडात भुगा होतो आणि तो विनातक्रार खाली जातो. भाजी-पोळी-उसळ खाणारा माणूस नकळत साखर आणि तेलावर येतो. ताट छोटे झालेले असते, कॅलरी वाढलेल्या असतात. घरचे म्हणतात, ‘ती तर काहीच खात नाही.’ तीही शपथेवर तेच सांगते आणि खोटे बोलत नसते.

अशी व्यक्ती वजन अडले म्हणून दवाखान्यात जाते आणि कोणी खाण्याची, रात्रीच्या खोकल्याची चौकशी न करता अर्धा मिलीलिटर सलाइन आणखी भरते. लाल टप्पा आणखी गडद होतो. अशा वेळी योग्य उपाय बहुधा उलटा असतो. थोडे सलाइन काढून घ्यायचे, म्हणजे घट्ट, चावून खायचे अन्न पुन्हा ताटात येऊ शकते. बँड दीर्घकाळ फार घट्ट राहिला तर बँडच्या वरचा भाग आणि अन्ननलिकाही फुगू शकते.

सलाइन वाढवायचे कधी? खरोखर पिवळा टप्पा असेल तेव्हा. घट्ट अन्न सहज उतरते, तरी दीड-दोन तासांत भूक लागते, ही त्याची ओळख.

दोष बँडचाच असेल तर?

ही शक्यता नेहमी तपासावी लागते. नळी किंवा पोर्टमधून सलाइन हळूहळू गळते, पोर्ट उलटा होतो, बँड जागचा सरकतो, वरची पिशवी मोठी होते किंवा क्वचित बँड जठराची भिंत झिजवत आत शिरतो. ऑस्ट्रेलियातील पॉल ओब्रायन यांच्या गटाने २०१३ मध्ये ३,२२७ रुग्णांचा अनुभव मांडला. वरचा भाग मोठा झाल्याने २६ टक्के रुग्णांवर, तर पोर्ट-नळीच्या बिघाडामुळे २१ टक्के रुग्णांवर फेरशस्त्रक्रिया करावी लागली होती. बँड आत शिरण्याचे प्रमाण ३.४ टक्के होते. याच गटात पाठपुरावा टिकवलेल्यांनी १५ वर्षांनंतरही जादा वजनापैकी सुमारे ४७ टक्के वजन दूर ठेवले होते, हेही खरे.

‘काल-परवापर्यंत पोट भरायचे, आता कितीही जाते’ असा अचानक बदल झाला तर गळती किंवा झीज यांचा संशय घेतात. बसवून अनेक महिने उलटल्यावर पोर्टभोवती लाली किंवा पू आला तर एंडोस्कोपी करून घेणे गरजेचे असते. बँड सरकला का, हे बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत दिसते. पोर्टमधील सलाइन काढून मोजले की गळती कळते. पोटात असह्य कळ आणि पाणीही न उतरणे ही तातडीची स्थिती आहे. तिथे सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. सतत उलट्या होत असतील तर थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटते. चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे ही त्याची गंभीर लक्षणे.

औषधांची यादीही तपासून घ्यावी. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरील काही औषधे वजन वाढवतात. थायरॉइडचीही तपासणी व्हावी. मनाने कोणतेही औषध बंद करू नये.

घरी काय बदलता येते?

घास लहान, पूर्ण चावलेला, दोन घासांत मिनिटभर थांबा आणि २० मिनिटांत जेवण आवरते. मोबाइल पाहत जेवताना यातले काहीच पाळले जात नाही. ताटात आधी प्रथिने घ्यावीत : अंडे, मासे, पनीर, मुगाचे धिरडे, मऊ शिजलेली उसळ. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळावीत, असे सहसा सांगितले जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आठवडाभर चहाच्या साखरेसकट सगळे लिहून काढले तर द्रव कॅलरींचा हिशोब समोर येतो. चालण्याच्या जोडीला स्नायूंचा व्यायाम हवा, कारण वजनाबरोबर स्नायूही घटतात.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र लाजेने होते. वजन वाढले म्हणून काट्यावर उभे राहायला नको, म्हणून दवाखाना टाळला जातो. नेमक्या याच काळात बँडची तपासणी सर्वाधिक गरजेची असते.

इंजेक्शन आणि फेरशस्त्रक्रियेचे काय?

टिर्झेपेटाइडचे ‘मौंजारो’ मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइडचे ‘वेगोवी’ जून २०२५ मध्ये भारतात आले. शस्त्रक्रियेनंतर वजन अडलेल्यांवर या गटातील आधीचे औषध लिराग्लुटाइड ब्रिटनमधील एका छोट्या चाचणीत वापरले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत २४ आठवड्यांत वजन आणखी सुमारे ८ टक्के घटल्याचे दिसले. त्यातले रुग्ण बायपास आणि स्लीव्हचे होते. या औषधांनी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. बँड असलेल्याला उलट्या होणे परवडत नाही, कारण त्याने बँड सरकण्याचा धोका असतो. म्हणून औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरला बँडची कल्पना हवीच.

बँड काढून स्लीव्ह किंवा बायपास करणे हा शेवटचा पर्याय. तो पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असतो. आधीच्या व्रणांमुळे गुंतागुंतीची शक्यता वाढते. नुसता बँड काढून काहीच न केल्यास भूक परतते आणि बहुतेकांचे वजनही.

कोणती माहिती जवळ ठेवावी?

बँडचे मॉडेल, बसवल्याची तारीख, सध्या भरलेले सलाइन आणि शेवटच्या एक्स-रेचा फोटो फोनमध्ये ठेवावा. शहर किंवा देश बदलल्यावर नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी हेच लागते. पोर्टमध्ये साधी इंजेक्शनची सुई टोचली तर पोर्टचे आवरण फाटून गळती सुरू होऊ शकते, त्यासाठी खास टोकाची ह्युबर सुई लागते. ती उपलब्ध आहे का, हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्यावे.