मागणी मोजायची कोठे?

नाट्यगृहात चाकांच्या खुर्चीसाठी सोय नाही, अशी तक्रार केली की उत्तर ठरलेले असते : ‘असे प्रेक्षक येतातच कोठे?’ अर्थशास्त्राच्या परिभाषेत, मागणी नाही. परंतु ही मागणी मोजली जाते तिकीट-खिडकीवर, आणि पुष्कळ ठिकाणी खिडकीपर्यंतच पायऱ्या चढाव्या लागतात!

ग्रंथांचेही तेच. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अंधांसाठी ब्रेल वा ध्वनिमुद्रित प्रत काढण्याची मुभा आली; २०१४ मध्ये माराकेश करारास अनुसमर्थन देणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले. मुभेने प्रत मात्र निघत नाही. तिला खर्च लागतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २९ वे कलम कला सर्वांना सुलभ करण्याची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकते. तेव्हा पालिकांनी येत्या अंदाजपत्रकात आपापल्या नाट्यगृहांच्या रॅम्पची तरतूद करावी. प्रेक्षकसंख्येची चौकशी त्यानंतर.