जपानी तरुणींचा आहार आणि शरीराचे वजन : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

कुपोषण म्हटले की दारिद्र्य, दुष्काळ किंवा युद्ध डोळ्यांसमोर येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननेही अशी टंचाई अनुभवली. परदेशातून अन्नाची मदत मिळावी म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये टोकियोत लोकांच्या आहाराची पाहणी करण्यात आली. पुढे ती देशव्यापी झाली व आज 'राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणी' म्हणून ओळखली जाते. देश संपन्न झाल्यावर याच पाहणीतून एक वेगळी समस्या पुढे आली. अन्न मुबलक असूनही तरुणी कमी जेवतात.

वजनाचे मोजमाप :

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बी.एम.आय. मिळतो. तो १८.५ पेक्षा कमी असल्यास वजन कमी समजले जाते. २०१९ च्या पाहणीत २० ते २९ वयोगटातील २०.७ टक्के स्त्रिया या गटात होत्या, म्हणजे पाचांत एक. श्रीमंत राष्ट्रांत हे प्रमाण फार मोठे आहे.

तरुणींमध्ये 'सिंड्रेला वजन' ही कल्पना लोकप्रिय आहे. तिचा बी.एम.आय. १८ येतो. १६० सें.मी. उंचीच्या मुलीसाठी हे वजन सुमारे ४६ किलो होते. तिच्यासाठी कमी वजनाची सीमा सुमारे ४७.४ किलो, तर जपानमध्ये प्रमाण मानलेले वजन सुमारे ५६ किलो आहे. म्हणजे जे 'आदर्श' म्हणून पुढे ठेवले जाते, तेच वैद्यकीयदृष्ट्या अपुरे आहे.

कारणे :

१९६७ मध्ये ट्विगी ही ब्रिटिश मॉडेल जपानला आली आणि मिनीस्कर्टची लाट उसळली. त्यानंतर मासिके, दूरदर्शन व अलीकडे समाजमाध्यमांनी सडपातळपणाचे आकर्षण वाढवले. शाळेत दुपारचे जेवण देण्याचा कायदा १९५४ चा आहे. परंतु ही सोय मुख्यतः वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतच असते. पुढे काय व किती खावे, हे मुलगी स्वतः ठरवते. न्याहारी टाळणे, दुपारी थोडक्यात भागवणे ही सवय मग जडते. विशीतील स्त्रियांचा आहार दिवसाला सुमारे १,६०० किलोकॅलरी भरतो. मध्यम हालचाल असणाऱ्या स्त्रीची गरज सुमारे २,००० मानली जाते.

शासनाचे लक्षही बराच काळ लठ्ठपणावर होते. २००८ पासून ४० ते ७४ वयोगटाच्या आरोग्य तपासणीत कंबरेचा घेर मोजला जाऊ लागला. हा संदेश मध्यमवयीनांसाठी होता. वजन कमी असलेल्या तरुणींसाठी मात्र तसा ठळक संदेश नव्हता.

परिणाम :

अपुऱ्या आहाराने मासिक पाळी अनियमित होते, रक्तक्षय होतो आणि तरुणपणीच हाडांची पुंजी कमी साठते. जुंतेंदो विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात कमी वजनाच्या तरुणींपैकी १३.३ टक्क्यांत साखर पचवण्याची क्षमता घटलेली आढळली. सामान्य वजनाच्या गटात हे प्रमाण १.८ टक्के होते. मधुमेहाचा धोका केवळ स्थूल व्यक्तींना असतो, हा समज यामुळे चुकीचा ठरतो.

प्रश्न पुढच्या पिढीचाही आहे. जपानमध्ये अडीच किलोपेक्षा कमी वजनाची सुमारे नऊ टक्के बालके जन्मतात. गर्भावस्थेतील कुपोषणाचा संबंध प्रौढपणीच्या हृदयविकार व मधुमेहाशी असतो, असे ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी मांडले. पुण्याजवळील खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेला अभ्यासही याच दिशेचा आहे. तेथील माता गरिबीने कृश होत्या, जपानमधील माता आवडीने. गर्भातील बाळाला मात्र हा फरक कळत नाही.

उपाययोजना :

२००५ मध्ये जपानने आहारशिक्षणाचा कायदा केला. गर्भवतींनी वजन फार वाढू देऊ नये, हा जुना सल्ला २०२१ मध्ये बदलण्यात आला. कमी वजनाच्या स्त्रीसाठी ९ ते १२ ऐवजी १२ ते १५ किलो वाढ योग्य ठरवली गेली. २०२५ मध्ये जपानच्या लठ्ठपणा अभ्यास संस्थेने तरुणींच्या कमी वजनाला व कुपोषणाला स्वतंत्र लक्षणसमूह मानण्याचा प्रस्ताव मांडला.

निष्कर्ष :

आर्थिक सुबत्ता आली म्हणजे पोषण आपोआप सुधारते, असे नाही. महाविद्यालयीन वय हे आहाराच्या सवयी पक्क्या होण्याचे वय आहे. उपाशीपोटी वर्गात बसणारी विद्यार्थिनी गरीब असेलच असे नाही; तिला कोणीतरी 'जाड' म्हटले असण्याचीही शक्यता असते. तिच्या शरीरावर शेरा न मारता आहाराविषयी आपुलकीने बोलणारा शिक्षक येथे मोठे काम करू शकतो.