शाळेतील बातमीदार : सुरतेच्या अनुभवातून वृत्तलेखनाचे धडे

वृत्तपत्र आणि शाळा ही दोन्ही लोकशिक्षणाची साधने असून आपल्याकडे त्यांचे नाते फार जुने आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले व पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि वर्षभरातच, १८८१ च्या आरंभी, त्या शाळेच्या चालकांनी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे काढली. सुरतेत 'गुजरातमित्र' १८६३ मध्ये सुरू झाले. सुरतेचेच कवी नर्मद यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले होते. १८६४ मध्ये त्यांनी 'डांडियो' हे पाक्षिक काढले. जो शिकवितो त्यानेच लोकांना वृत्त सांगावे, ही परंपरा दोन्ही भाषांत दिसते.

माध्यमिक शाळांच्या मराठी विषयात बातमीलेखनाचा समावेश झाला आहे. परंतु पुष्कळदा विद्यार्थी मथळा, स्थळ व दिनांक यांचा साचा पाठ करतो आणि मधली जागा कल्पनेने भरून काढतो. अशाने गुण मिळतात. बातमी मात्र येत नाही. ऐकलेले, पाहिलेले आणि तर्काने जाणलेले यांतील भेद ओळखता येणे, हे वृत्तलेखनाच्या शिक्षणाचे खरे उद्दिष्ट होय. हा भेद न ओळखल्यास काय घडते आणि तो कसा ओळखावा, या दोन्ही गोष्टी समजावून देण्यास सुरत शहराचा इतिहास उपयोगी पडतो.

अफवेची किंमत

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे वृत्त आले होते. सुरतेत वृत्तापेक्षा अफवा अधिक वेगाने धावली. मृतांच्या संख्येबद्दल तोंडोतोंडी वाटेल ते आकडे सांगितले जाऊ लागले आणि काही वृत्तपत्रांतूनही वाढीव आकडे छापून आले. औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन पाहता पाहता संपले. यंत्रमागावर, हिऱ्यांच्या कारखान्यांत व बांधकामांवर राबणारे लाखो लोक काही दिवसांत शहर सोडून गेले. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सुरत-भुसावळ लोहमार्ग हीच त्यांची गावाकडची वाट. अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा काही काळ स्थगित केली.

साथ ओसरल्यावर जी अधिकृत गणना झाली तीत देशभरातील मृतांची संख्या साठच्या आतच राहिली. प्रत्येक मृत्यू दुःखद होता आणि रोग खोटा नव्हता. तथापि आकडा कोणी मोजला, कोठे मोजला आणि त्यात संशयित रुग्ण किती व तपासणीने निश्चित झालेले किती, हे तीन प्रश्न वेळीच विचारले गेले असते, तर भीतीचा पुष्कळसा भाग टळला असता. घाबरून गाव गाठणारा माणूस रोग बरोबर नेण्याचाही धोका होता. वेळेवर घेतलेल्या औषधाने हा रोग बरा होतो, ही सर्वांत उपयुक्त बातमी होती. गोंधळात तीच मागे पडली.

आज अफवेला मुद्रणालयाची गरज राहिलेली नाही. भ्रमणध्वनीवरून आलेला संदेश विद्यार्थीच घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवितो. या अर्थाने प्रत्येक विद्यार्थी आपल्या घराचा बातमीदार झालेला आहे. म्हणून हे शिक्षण केवळ पत्रकार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे, असे मानणे योग्य ठरणार नाही.

एक घटना, अनेक हकिकती

दुसरा धडा १९०७ सालचा आहे. त्या वर्षीचे काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरमध्ये सुरतेस भरले. डॉ. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून व मागील ठरावांवरून नेमस्त आणि जहाल या पक्षांत वाद होता. २६ डिसेंबर रोजी गोंधळामुळे सभा तहकूब झाली. २७ रोजी लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर आले असता पुन्हा गलका झाला. तेवढ्यात सभेतून एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व सर फिरोजशहा मेहता यांना लागला. पाठोपाठ खुर्च्या व काठ्या चालल्या आणि अधिवेशन मोडले.

इतक्या गोष्टी सर्व पक्षांना मान्य होत्या. मात्र जोडा कोणी फेकला, तो कोणाला उद्देशून होता आणि दंगलीस आरंभ कोणी केला, याविषयी दोन्ही पक्षांनी आपापल्या हकिकती प्रसिद्ध केल्या व त्या परस्परविरोधी होत्या. ब्रिटिश पत्रकार हेन्री नेव्हिन्सन हे तेथे प्रत्यक्ष हजर होते. त्यांनी जे पाहिले ते १९०८ मध्ये आपल्या ग्रंथात लिहिले. पुढे अनेक वर्षांनी श्रीअरविंदांनी असे सांगितले की, अधिवेशन मोडण्यास कारण झालेली आज्ञा टिळकांना न विचारता आपणच दिली होती.

वर्गात हा प्रसंग सांगून शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखावेत : डोळ्यांनी दिसलेले, दुसऱ्याने सांगितलेले आणि अनुमान. 'जोडा आला व दोघांना लागला' हे वाक्य पहिल्या रकान्यात बसते. 'तो अमुक पक्षाच्या माणसाने फेकला' हे वाक्य सांगणाऱ्याच्या नावासह दुसऱ्या रकान्यात जाईल. 'त्याचा हेतू अमुक होता' हे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यातील मजकूर बातमीत घालावयाचा नाही, एवढा एक नियम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला तरी वृत्तलेखनाचा अर्धा अभ्यास झाला असे समजावे. आजची बातमी ही आजच्या माहितीपुरती खरी असते आणि नवी माहिती मिळताच ती दुरुस्त करणे हा कमीपणा नाही, हेही या प्रसंगावरून कळते.

कागदाचीही परीक्षा

तोंडी बोलणे फसवे असते, कागद मात्र खरा असतो, अशी समजूत आढळते. तीही तपासून घ्यावी लागते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याच्या समजुतीने 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. तिचा आधार असलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दोघांचा हेतू निर्मळ होता, याविषयी लोकांना शंका नव्हती. परंतु चांगला हेतू हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. कागद कोणी लिहिला, तो कोणाच्या हातून आला आणि दुसऱ्या कोणत्या साधनाने त्याला पुष्टी मिळते, हे प्रश्न छापण्यापूर्वी विचारावयाचे असतात.

बातमीची रचना

कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे बातमीत असावीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी, नंतर तपशील आणि शेवटी पूर्वपीठिका. जागा कमी पडली तर उपसंपादक शेवटून मजकूर कापतो. तरीही वाचकास मुख्य गोष्ट कळावी, हे या रचनेमागील कारण आहे. घाईत असलेल्या वाचकाचीही त्यामुळे सोय होते.

उदाहरणार्थ, एखादा विद्यार्थी लिहितो : 'आमच्या गावात पाण्याचे फार हाल आहेत. कोणी लक्ष देत नाही.' हे गाऱ्हाणे झाले. तेच असे लिहिता येईल : 'शाळेजवळचा हातपंप सोमवारपासून बंद असल्याने विद्यार्थ्यांना पिण्याचे पाणी घरून आणावे लागत आहे. दुरुस्तीसाठी मंगळवारी पंचायत समितीकडे पत्र पाठविले असून सुटा भाग मिळताच काम होईल, असे सरपंचांनी सांगितले.' दुसऱ्या मजकुरात एकही कठोर शब्द नाही. पण त्याची दखल घ्यावी लागते, कारण त्यातील प्रत्येक गोष्ट तपासून पाहता येते. 'सांगितले' हे साधे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. 'कबूल केले', 'दावा केला' असे शब्द लिहिले की बातमीदाराचे मत नकळत आत शिरते.

शाळेत आरंभ कसा करावा

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. आठवी ते दहावीच्या दहा-बारा विद्यार्थ्यांचे मंडळ नेमावे व पंधरा दिवसांनी एक भित्तिपत्रक काढावे. एकाने माहिती आणावी, दुसऱ्याने ती तपासावी, तिसऱ्याने मथळा द्यावा. नावे, हुद्दे, तारखा आणि आकडे मूळ ठिकाणी पुन्हा विचारून घेतल्याशिवाय मजकूर भिंतीवर लागू नये. चूक झाल्यास पुढील अंकात त्याच जागी दुरुस्ती द्यावी. अल्पवयीन मुलाविषयी पोलीस अथवा न्यायालयाशी संबंधित वृत्त असेल तर त्याचे नाव, छायाचित्र व शाळा उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मनाई आहे, हेही मुलांना प्रारंभीच सांगावे.

सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीमार्फत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविल्या जातात. अशा शहरातील मराठी विद्यार्थी घरी मराठी वा अहिराणी आणि बाजारात गुजराती ऐकतो. गुजरातीत बोललेले मराठीत लिहिताना त्याने अर्थ जपावा आणि शंका आल्यास बोलणाऱ्यास वाचून दाखवावे. सीमेवरील तालुक्यांतील शाळांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

प्लेगनंतर सुरतेत जे घडले तेही बातमीच होते. मे १९९५ पासून महानगरपालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत शहराच्या स्वच्छतेची मोठी मोहीम झाली आणि देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. संकटाच्या दिवशी धावत जाणारा बातमीदार वर्षभराने त्याच वस्तीत पुन्हा जाऊन गटार वाहते की तुंबले, हे पाहतो तेव्हाच त्याचे काम पूर्ण होते. भित्तिपत्रकातही हातपंपाची बातमी दुरुस्तीनंतर पुन्हा यावी.

या कामी ग्रामस्थांचे व अधिकाऱ्यांचे साहाय्य आवश्यक आहे. वही घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास चावडीवर, दवाखान्यात किंवा कचेरीत शांतपणे उत्तर मिळाले, तर प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नसून नागरिकाचे कर्तव्य आहे, हे त्यास कळेल. उद्या एखाद्या साथीच्या वेळी गावात अफवा उठली, तर 'हे कोणी सांगितले?' असे विचारणारे एक तरी मूल प्रत्येक घरात असावे. तेवढ्याने अनेक कुटुंबांचे उठून पळणे टळू शकेल.