कण्यात डोकावणारा कॅमेरा

डिचोलीच्या खाणपट्ट्यात ज्यांनी वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक हाकले, त्यांना कंबर म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि खड्ड्यांतून आदळत जाणारे ते ट्रक दारात उभे राहिले. कमरेतील कळ मात्र उभी राहिली नाही. पेडण्याच्या बाजूला माडावर चढणारा पाडेली आणि काजूच्या बागेत दिवसभर ओणव्याने बोंडू वेचणारी बाई यांचीही कहाणी फारशी वेगळी नाही. आधी तेल, मग शेक, मग उसण भरली म्हणून पाठीवर पायाळूचा पाय! एवढे करूनही कळ नितंबावरून पोटरीपर्यंत उतरते, तेव्हा कोठे डॉक्टरांची पायरी चढली जाते. तपासणी होते, एमआरआय निघतो आणि निदान कळते: गादी सरकली आहे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येईल. त्यावर घरातील वडीलधारी माणसे एकच वाक्य बोलतात, ‘कण्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळला.’

ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कण्याच्या मण्यांमधून मज्जारज्जू खाली उतरतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका लोंबत असतो. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वरून चिवट कवच, आत मऊसर गर. कवच फाटून गर बाहेर आला आणि तंतूवर दाबला गेला, की कमरेतील दुखणे पायात उतरते. १९३४ साली बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन शस्त्रवैद्यांनी हा कार्यकारणभाव स्पष्ट करून मांडला आणि तो तुकडा काढून टाकण्याचा मार्ग खुला झाला.

तुकडा लहानसाच असे. त्याच्यापर्यंतची वाट मोठी असे. पाठीवर लांब छेद घ्यायचा, कण्याला बिलगलेले स्नायू हाडापासून सोडवायचे, ते चिमट्यांनी बाजूला ताणून धरायचे आणि हाडाचा काही भाग कोरायचा. एवढी उघडझाप कशासाठी? छेद मोठा लागे तो गादीसाठी नव्हे, डोळ्यासाठी. खोल जागी उजेड पोहोचावा आणि शस्त्रवैद्याची नजर पोहोचावी, यासाठी रोग्याचे निरोगी स्नायू खर्ची पडत. रोगी बरा होई, पण ताणलेले स्नायू पुढे कित्येक दिवस आपला हिशेब वसूल करीत.

म्हणून या शस्त्रक्रियेची प्रगती ही मुख्यतः पाहण्याची प्रगती आहे. १९७७ च्या सुमारास यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र लावून ही शस्त्रक्रिया केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. १९९७ साली अमेरिकेतील फोली आणि स्मिथ यांनी नळीतून दुर्बीण घालण्याची रीत मांडली. त्यांनी डोळाच आत नेला.

ही रीत थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. रोगी पालथा झोपलेला असतो. त्याच्या भोवती इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे क्ष-किरण यंत्र फिरते आणि कोणता मणका कोठे आहे हे पडद्यावर दाखवते. चौथा मणका समजून तिसऱ्यावर काम करणे हा अक्षम्य प्रमाद होय, म्हणून ही खातरजमा आधी. मग एक बारीक सुई, तिच्यावरून एकाहून एक जाड नळ्या. स्नायूंचे धागे कापले जात नाहीत. गर्दीत वाट काढावी तसे ते बाजूला सारले जातात. शेवटच्या नळीचा व्यास दीड ते दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. याहूनही बारीक, सात-आठ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आता वापरात आहे. तिच्याच पोटातून प्रकाश जातो, मिठाचे निर्जंतुक पाणी सतत वाहते आणि चिमटाही तिच्यातूनच आत जातो. पाण्याने रक्त धुतले जाते म्हणून चित्र स्वच्छ राहते. चित्र टिपणारी इलेक्ट्रॉनिक चकती ही १९६९ साली बॉइल आणि स्मिथ यांनी लावलेल्या शोधाच्या वंशातली. तिचीच भावंडे आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये बसली आहेत. भिंतीवरच्या पडद्यावर तंतू बोटाएवढा जाड दिसतो.

पण पडदा सपाट असतो. खोली डोळ्याला दिसत नाही, ती हाताने ओळखावी लागते. आणि नजर पडद्यावर, हात रोग्याच्या पाठीवर, हा मेळ बसायला दीर्घ अभ्यास लागतो. बोट घातल्यावाचून विश्वास न ठेवणाऱ्या संत थॉमसाचे शिष्य शोभावेत असे जुने शस्त्रवैद्य स्पर्शावर फार विसंबत. दुर्बिणीने तो स्पर्श बराचसा हिरावून घेतला आहे. रक्त वाढले तर पडदा क्षणात लालभडक होतो. कित्येकदा ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून, रोग्याला जागे ठेवूनच करतात. पायात कळ गेली की तो सांगतो, आणि तो इशारा कोणत्याही कॅमेऱ्याइतकाच मोलाचा असतो.

स्क्रू बसवण्याच्या शस्त्रक्रियेत आणखी एक जातीचा कॅमेरा येतो. तो शरीरात शिरत नाही. हाडाला आणि हत्याराला लावलेले चमकते गोळे तो दुरून पाहतो आणि हत्याराचे टोक सीटी स्कॅनच्या चित्रावर कोठे आहे ते दाखवतो. हाडावरील खूण चुकून हलली, तर मात्र चित्र आत्मविश्वासाने खोटे बोलते.

सर्वात मोठा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे. १९९४ साली कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक जणांत निदान एक तरी गादी फुगलेली आढळली! म्हणजे फोटोतील फुगवटा हा दुखण्याचा पुरावा नव्हे. दुखणे कोणत्या तंतूच्या वाटेने जाते, पायाचा अंगठा वर उचलतो की नाही, या साध्या तपासणीशी फोटो जुळला पाहिजे. पायात उतरलेली कळ बहुतेकांची काही आठवड्यांत औषध, व्यायाम आणि धीर यांनी ओसरते. बाहेर आलेला गर पुष्कळदा आपोआप आकसतो. अशा रोग्यावर घाईने चालवलेली दुर्बीण, छेद कितीही लहान असला तरी, अनावश्यकच ठरते.

उलट काही लक्षणे थांबू देत नाहीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, घोड्यावर बसताना जो भाग खोगिराला टेकतो तो बधिर होणे, पायांतील बळ झपाट्याने जाणे. येथे काही तासही मोलाचे असतात, आणि वेळेवर दाब निघाला नाही तर वडीलधाऱ्यांची ती भीती सुरीवाचूनच खरी ठरते. अशा वेळी उद्या पाहू म्हणू नये. पायाळूला बोलावणे धाडू नये. पेडणे वा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेने थेट बांबोळीला, १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा चालवणाऱ्या गोमेकॉत, त्याच रात्री पोहोचावे. तेथील डॉक्टर अशा रोग्याला प्रथम लघवीविषयीच विचारतात. संकोच न करता खरे उत्तर द्यावे.