मुकाट सोसण्याची किंमत

श्रावणात मंगळागौरीच्या रात्री फुगडी आणि झिम्मा रंगात आला की दोन-तीन मुलांच्या काही आया हळूच भिंतीकडे सरकतात. ‘आता आमचे वय राहिले का?’ असे हसून म्हणतात आणि टाळ्या वाजवीत बसून राहतात. त्यांतील एखादीचे वय पस्तिशीच्या आतलेच असते. गुडघेही दुखत नसतात. उडी मारली, जोरात हसले किंवा शिंक आली की नकळत लघवी गळते आणि साडी भिजते, हे तिच्या बसण्याचे खरे कारण असते. हे कारण ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही. शेजारी बसलेल्या बाईलाही सांगत नाही. आणि कदाचित त्या बाईचे कारणही तेच असते.

बाळंतपणानंतर होणारी मूत्रगळती ही दुर्मिळ व्याधी नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, प्रसूतीनंतर सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना हा त्रास होतो असे दिसते. तिघींत एक, हे प्रमाण ज्या दुखण्याचे आहे त्याचा घरात, दवाखान्यात वा वृत्तपत्रात उच्चारही होऊ नये, ही विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे. समाजाने या दुखण्यावर दोन उत्तरे तयार ठेवली आहेत. ‘बाळंतपण म्हटले की असे व्हायचेच’ हे पहिले आणि ‘असल्या गोष्टी बोलू नयेत’ हे दुसरे. पहिल्या उत्तरामुळे उपाय शोधला जात नाही. दुसऱ्यामुळे तो माहीत असणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या त्रासाचे कारण गूढ नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते आणि मूत्रमार्ग मिटलेला ठेवण्यास मदत करते. नऊ महिने ही झोळी वाढते ओझे पेलते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके तिच्यातूनच बाहेर येते, तेव्हा ती कमालीची ताणली जाते. कधी फाटते, तिच्याकडे जाणाऱ्या नसांनाही इजा पोचते. चिमटा लावून प्रसूती करावी लागली तर धोका वाढतो. सिझेरियनने तो कमी होतो. पण टळत नाही, कारण गर्भारपणाचा भार तर तिनेही सोसलेला असतो. आधार सैल झाला की खोकल्याने, हसण्याने किंवा जड हंडा उचलल्याने पोटातील दाब वाढतो आणि मूत्रमार्ग त्यापुढे टिकत नाही. काहींना याच्या जोडीला अनावर कळ येते आणि मोरी गाठेपर्यंत धीर निघत नाही.

फुकटचा उपाय

पुष्कळ स्त्रियांचा हा त्रास पहिल्या काही महिन्यांत आपोआप ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही त्यांच्यासाठी पहिला उपाय व्यायामाचा आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरावयाचे असल्याप्रमाणे ते स्नायू आत व वर ओढावयाचे, काही क्षण धरावयाचे आणि मग पूर्ण सैल सोडावयाचे. श्वास कोंडावयाचा नाही. पोट, मांड्या वा नितंब आवळावयाचे नाहीत. प्रत्यक्ष लघवी करताना ती मध्येच अडवून हा सराव करू नये. ब्रिटनमधील आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ सालच्या सूचनांत याचे प्रमाणही सांगितले आहे: एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, जाणकाराच्या देखरेखीखाली निदान तीन महिने. हे भाकरी थापताना करता येते, बाळाला पाजताना करता येते, एस.टी.च्या बाकावर बसूनही करता येते. त्याला ना औषध लागते, ना यंत्र, ना वेगळी खोली.

व्यायामाने सर्वांनाच गुण येतो असे नाही. कुणाला मूत्राशयाला वळण लावावे लागते, म्हणजे लघवीला जाण्याचे अंतर बेताबेताने वाढवावे लागते. कुणाला आत आधारासाठी कडे बसवावे लागते, तर कुणाला शस्त्रक्रिया. लघवीला जळजळ होत असेल, रक्त जात असेल किंवा ‘अंग बाहेर येत’ असेल तर डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे. अडलेल्या बाळंतपणानंतर अहोरात्र गळती सुरू राहिली तर ते स्नायूंचे सैलपण नसून मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडलेले भोक असू शकते. त्यावर व्यायामाचा उपयोग नाही. तेथे तातडीने रुग्णालय गाठावे लागते. आणि बहुतेक स्त्रिया जो उपाय मनानेच करतात, म्हणजे पाणी पिणे तोडणे, तो तर उलटाच पडतो. लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चुरचुरते, जंतुसंसर्ग बळावतो आणि बद्धकोष्ठाने कुंथावे लागले की आधीच सैल झालेल्या स्नायूंवर नवा ताण येतो.

गरज आणि मागणी

असा सोपा उपाय पाऊणशे वर्षे ठाऊक असूनही तो घरोघर का पोचला नाही, याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. गरज आणि मागणी यांत अर्थशास्त्र फरक करते. गरजेला शब्द आणि पैसा यांची जोड मिळाली तरच बाजारात तिची मागणी म्हणून नोंद होते. येथे गरज अफाट आहे. परंतु ती बोललीच जात नाही, म्हणून मागणी दिसत नाही. डॉक्टर विचारीत नाहीत, कारण रुग्ण तक्रार करीत नाही. रुग्ण तक्रार करीत नाही, कारण डॉक्टर विचारीत नाहीत. दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. गळती शोषून घेणाऱ्या पॅडची जाहिरात होते, कारण पॅड महिन्यामागून महिना खपते. गळती थांबविणारा व्यायाम शिकविण्यात कोणत्याही कारखान्याचा नफा नाही. तेव्हा त्याची जाहिरात होण्याचे कारण नाही. एकीने दुसरीला सांगितल्याने जे ज्ञान कमी होत नाही आणि ज्याची किंमत वसूल करता येत नाही, ते पुरविण्याची जबाबदारी बाजारावर टाकता येत नाही. ते सार्वजनिक कार्य आहे.

न बोलण्याची किंमत मात्र वसूल होतच असते आणि ती स्त्रीच भरते. भाजी विकणारी बाई दिवसभर घोटभर पाण्यावर बसते. लेकीच्या गावी जाण्याचा प्रवास टळतो, कीर्तनाला किंवा देवळात जाताना ‘आपण शुद्ध नाही’ ही टोचणी लागते, नवऱ्याशी अंतर पडते. बाहेरचे काम सुटले तरी ‘घर सांभाळण्यासाठी सोडले’ अशीच त्याची संभावना होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात ही घट वेगळी दाखविली जात नाही. त्यातच रस्त्यावर स्वच्छतागृह नाही. मुंबईत स्त्रियांसाठी विनामूल्य आणि स्वच्छ मुताऱ्या असाव्यात म्हणून ‘राइट टू पी’ ही चळवळ २०११ साली सुरू झाली, तेव्हा अनेकांना तिचे हसू आले होते. ज्या बाईला कळ रोखता येत नाही तिच्या दृष्टीने तो थट्टेचा विषय नाही. घराबाहेर पडता येईल की नाही हे त्यावर ठरते.

स्त्रीच्या दुखण्याविषयीचे हे मौन किती खोल आहे हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, त्यासाठी पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्रगळतीपुरता नव्हता. पण दुखणे आणि दवाखाना यांच्यामधील दरी त्याने मोजून दाखविली.

ही दरी तशीच राहिली की तिचा शेवट कोठे होतो हे बीड जिल्ह्यात पाहावयास मिळाले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या २०१९ सालच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढली गेल्याचे आढळले. या शस्त्रक्रिया मूत्रगळतीसाठी झाल्या असे कोणी म्हणणार नाही. अंगावरून पाणी जाणे, पाळीचा त्रास, पोटदुखी अशी त्यांची कारणे होती आणि त्यांमागे खाड्याची, म्हणजे कामाचा दिवस बुडाला तर उचलीतून होणाऱ्या कपातीची, धास्ती होती. परंतु धडा एकच आहे. लहान दुखणे वेळीच विचारले गेले नाही तर शेवटी शस्त्र तेवढे उरते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या ओटीपोटाचे काय होत असेल, हे समजण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

दारात आलेली संधी

ज्या राज्यात कुपोषण आहे तेथे ही चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. प्राधान्यक्रमाचा हा प्रश्न रास्त आहे. मात्र प्राधान्य ठरवावे लागते ते साधने अपुरी असतात तेव्हा. येथे अपुरा आहे तो पैसा नव्हे, प्रश्न विचारण्याचे धैर्य अपुरे आहे. शिवाय बाळंतपणाचे यश मोजण्याची पट्टीही बदलली पाहिजे. २०१८-२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले, तर देशाचे ९७ होते. आई वाचली पाहिजे, ही पहिली लढाई राज्याने बऱ्याच अंशी जिंकली आहे. वाचलेली आई पुढची चाळीस वर्षे कशी जगते, हे पाहण्याची पाळी आता आली आहे. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून प्रसूतीनंतर या स्नायूंचे प्रशिक्षण सामाजिक विम्याच्या खर्चाने दिले जाते आणि सर्वसाधारणपणे दहा बैठका होतात. तेथे ते बाळंतिणीच्या नेहमीच्या देखभालीचाच भाग मानले जाते.

तेवढे फिजिओथेरपिस्ट येथे खेडोपाडी मिळणार नाहीत हे खरे. पण येथे जे आहे ते फ्रान्समध्येही नाही. रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या ज्या योजनेखाली ती येते, तिची मुळे गडचिरोलीच्याच प्रयोगात आहेत. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, आईला रक्तस्राव आहे का विचारते. त्याच वेळी तिने व्यायाम शिकवावा. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आई बाळाला लसीकरणासाठी घेऊन येते. चौदावा आठवडा म्हणजे तीन महिने उलटलेले असतात. गळती आपोआप थांबणार की उपचार लागणार, हे पाहण्यास तो योग्य काळ आहे. त्या दिवशी परिचारिकेने बाळाच्या मांडीत सुई टोचताना आईला एक प्रश्न विचारावा: ‘खोकताना, शिंकताना अजून लघवी होते का?’ उत्तर होय असेल तर तालुक्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी.

घरच्या मंडळींनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. सव्वा महिन्याच्या विश्रांतीत तेल, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांची हयगय होत नाही. पोटही बांधले जाते. पोटपट्ट्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट होत नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही. ‘बाळंतिणीने जड उचलू नये’ हा आजीचा नियम शहाणपणाचा होता. तो सव्वा महिना संपताच पाण्याच्या हंड्याखाली मोडतो. तो हंडा घरातील पुरुषाने आणखी काही महिने उचलला तर कोणत्याही शासकीय योजनेची वाट पाहावी लागणार नाही.

जे बोलू नये ते बोलण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यासाठी त्यांनी अश्लीलतेचे खटले सोसले. आज कुटुंबनियोजनाची भित्तिपत्रके प्रत्येक आरोग्य केंद्रात लावलेली असतात. पाळीचा शब्दही पूर्वी कुजबुजतच उच्चारला जाई. २०१८ साली सॅनिटरी पॅडवरील जीएसटी उठविला गेला तो स्त्रिया उघडपणे बोलू लागल्या म्हणून. मूत्रगळतीची पाळी अजून आलेली नाही. ती आणण्यासाठी चळवळीची वाट पाहण्याचेही कारण नाही. लसीकरणाच्या नोंदवहीत आईच्या नावापुढे एक रकाना वाढवावयाचा आहे आणि तो कोरा सोडावयाचा नाही.