बूट व्यवस्थापक

बूट व्यवस्थापक : संगणक चालू केल्यावर त्याच्या चकतीवरील अनेक परिचालन प्रणालींपैकी एक निवडण्याची सोय देणारी व निवडलेल्या प्रणालीच्या गाभ्याकडे नियंत्रण सोपविणारी छोटी आज्ञावली. नासिक जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत प्रयोगशाळेसाठी मुक्त स्रोत लिनक्स प्रणालीची शिफारस केलेली आढळते. त्यामुळे एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवण्याचा प्रसंग विद्यार्थ्यांवर नेहमी येतो आणि त्यांची मुख्य अडचण बहुधा बूट व्यवस्थापकाशी निगडित असते.

कार्यतत्त्व : वीजपुरवठा सुरू होताच मदरबोर्डवरील कायम आज्ञावली प्रथम कार्यान्वित होते. जुन्या बायॉस पद्धतीत ती चकतीचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचते. त्यातील ४४६ बाइट आरंभक आज्ञांसाठी, ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी व उरलेले २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. एवढ्या जागेत संपूर्ण व्यवस्थापक मावत नसल्याने तेथे त्याचा केवळ पहिला टप्पा असतो व तो पुढील भाग चकतीवरून उचलतो. नव्या युईएफआय पद्धतीत फॅट रचनेचा एक स्वतंत्र विभाग राखलेला असतो. प्रत्येक प्रणालीचा आरंभक तेथे वेगळ्या फाइलीत राहतो व त्यांचा क्रम मदरबोर्डवरील कायम स्मृतीत नोंदलेला असतो.

इतिहास : लिनक्ससाठी प्रारंभी लिलो हा व्यवस्थापक रूढ होता. गाभ्याचे चकतीवरील प्रत्यक्ष स्थान तो नोंदवून ठेवीत असल्याने गाभा बदलला की लिलो पुन्हा चालवावा लागे. विसर पडल्यास यंत्र सुरू होत नसे. त्याचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. ग्रब हा व्यवस्थापक एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये लिहावयास घेतला. फाइल-रचना स्वतः वाचता येत असल्याने गाभ्याची फाइल तो नावाने शोधतो. त्याच्या पुनर्लिखित रूपाची २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रतिष्ठापन : वितरणे अनेक असली, तरी कामे दोनच असतात, आरंभक योग्य जागी लिहिणे व प्रणालींची यादी तयार करणे. डेबियन, उबुंटू आणि प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनच्या आधारे तयार केलेली बॉस प्रणाली यांत पहिले काम ‘ग्रब-इन्स्टॉल’ व दुसरे ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञेने होते. डेबियनच्या प्रतिष्ठापन आज्ञावलीत २००९ च्या लेनी आवृत्तीपासून मराठीचाही समावेश झाला. फेडोरामध्ये यादीसाठी ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ ही आज्ञा आहे. मात्र युईएफआय यंत्रावर तेथे आरंभक आज्ञेने न लिहिता ग्रब व शिम यांची स्वाक्षरीयुक्त पॅकेजे पुन्हा बसवितात, कारण सुरक्षित आरंभाची व्यवस्था स्वाक्षरी नसलेला आरंभक नाकारते. आर्चमध्ये व्यवस्थापकाची निवड व दोन्ही कामे वापरणाऱ्यानेच करावयाची असतात.

बायॉस पद्धतीत आरंभक एखाद्या विभागावर न लिहिता सामान्यतः संपूर्ण चकतीच्या नावे लिहावा लागतो. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही बायॉसने किंवा दोन्ही युईएफआयने, बसविणे श्रेयस्कर असते. अन्यथा एकीच्या यादीतून दुसरी सुरू करता येत नाही. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ आवृत्तीपासून अन्य प्रणालींचा शोध मूळ मांडणीत बंद ठेवलेला आहे. एखाद्या वितरणाने तो स्वतः चालू केला नसेल, तर विंडोज यादीत दिसत नाही. मांडणीच्या फाइलीत ही सोय चालू करून यादी पुन्हा तयार करावी लागते.

बिघाड व दुरुस्ती : बायॉस पद्धतीत लिनक्सनंतर विंडोज बसविल्यास ती पहिल्या खंडातील आरंभक आज्ञा पुसून स्वतःच्या लिहिते. युईएफआय पद्धतीत सहसा केवळ क्रम बदलतो व तो मदरबोर्डच्या मांडणीतून पूर्ववत करता येतो. दोन्ही प्रसंगी लिनक्सचा विभाग व त्यातील फाइली शाबूत असतात. यादीतून प्रणाली दिसेनाशी होणे म्हणजे माहिती नष्ट होणे नव्हे. या वेळी घाबरून संपूर्ण चकती नव्याने आखल्यास मात्र वर्षभराचे प्रकल्प व प्रबंध खरोखरच नाहीसे होतात. दुरुस्तीसाठी त्याच वितरणाच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करतात, लिनक्सचा मूळ विभाग जोडतात, आवश्यक तेथे आरंभाचे विभागही त्यात जोडतात व त्या प्रणालीत शिरून वरील दोन्ही कामे पुन्हा करतात.

प्रतिष्ठापनापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या चकतीवर घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनःप्राप्ती किल्ली लिहून ठेवावी, कारण आरंभाची व्यवस्था बदलताच ती विचारली जाण्याचा संभव असतो; किल्ली हरवल्यास तो विभाग उघडता येत नाही. तसेच विंडोजमधील जलद आरंभाची सोय बंद करावी. ती चालू असताना विंडोजचा विभाग अर्धवट बंद स्थितीत राहतो व लिनक्समधून त्यावर लिहिल्यास तेथील फाइली बिघडू शकतात.