पुढारपण शिकवायचं कसं? आपल्या बैठकीसारखं!

आज आपण आठवी ते दहावीच्या मुला-मुलींबद्दल बोलणार आहोत. त्यांच्या अंगी पुढारपण कसं येईल, आणि त्यात आपला बचत गट काय करू शकतो, हा आजचा विषय.

पुढारपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कडक इस्त्रीचे कपडे, बॅनर आणि माईक येतो. शाळेत म्हणाल तर वर्गाचा मॉनिटर, नाहीतर २६ जानेवारीला घडाघडा भाषण म्हणणारी मुलगी. बरेचदा ते भाषण कुणीतरी लिहून दिलेलं असतं. दरवर्षी उभी राहणारी मुलगीही तीच असते. बाकीची पोरं टाळ्या वाजवतात. यानं पाठांतर चांगलं होतं, पण पुढारपण येत नाही.

आम्ही पुढारपण कशाला म्हणतो? चौघांचं काम आपलं मानायचं, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, मिळून ठरवायचं आणि ठरलेलं तडीस न्यायचं. हे पोहण्यासारखं आहे. काठावर बसून ऐकलं तर येत नाही, विहिरीत उतरावंच लागतं.

मग शिकवणार कोण? साखऱ्यासारख्या गावात त्यासाठी बाहेरून कुणी यायची वाट बघायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणी गटात आल्या तेव्हा स्वतःचं नाव सांगतानाही तोंडाला पदर लावत होत्या. आज त्याच बँकेत साहेबांसमोर बसून कर्जाचं बोलतात. त्यांनी भाषणाचा क्लास लावला नव्हता. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नोंदी ही आपली पंचसूत्री पाळता पाळता त्या शिकल्या. तीच रीत मुलांना द्यायची.

महिन्यातून दोनदा आठवी ते दहावीच्या दहा-पंधरा जणांची बैठक भरवा. शाळेत शालेय मंत्रिमंडळ किंवा मीना राजू मंच असेल, तर गुरुजींशी बोलून तिथंच सुरू करा. गोल बसायचं, म्हणजे कुणी मागे दडून राहत नाही. एकानं बैठक चालवायची, एकानं वहीत ठराव लिहायचा, एकानं हिशोब ठेवायचा. दर महिन्याला माणसं बदलायची. ज्या मुलीचा आवाज निघत नाही, तिच्याकडे आधी वही द्या. लिहिलेलं वाचून दाखवताना तिचा आवाज मोकळा होतो. आणि पोरं बोलणार, पोरी पाणी देणार, हे पहिल्याच दिवशी बंद करा.

पण नुसती बैठक घेऊन भागत नाही, हाती खरं काम लागतं. समजा, शाळेच्या वेळेला येणारी बस नेहमी उशिरा येते. गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकासच्या बस आहेत, पण बस वेळेवर नसेल तर पास घेऊन काय करायचं? मोठ्यांनी लगेच फोन लावू नये. मुलांनी आधी पंधरा दिवस वहीत लिहावं: बस किती वाजता आली, कोणत्या दिवशी आलीच नाही, कितीजणांचा पहिला तास बुडाला. मग बैठकीत बोलून अर्ज लिहावा. अर्ज लहान असावा: अडचण काय, कधीपासून, आणि आमची मागणी काय. खाली सगळ्यांच्या सह्या. आपल्यातली एखादी ताई सोबत जाईल, पण हिंगोलीच्या आगारात साहेबांशी बोलायचं मुलांनीच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची आणि आठ-पंधरा दिवसांनी परत विचारायला जायचं. बस सुधारली तर उत्तमच. नाही सुधारली तरी मोजणं, लिहिणं, मागणं आणि पाठपुरावा करणं या चार गोष्टी मुलं शिकली.

शाळकरी मुलीच्या शब्दाला किती वजन असतं, हे महाराष्ट्रानं फार पूर्वी पाहिलंय. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनं आपल्या समाजाचं दुखणं मांडलं आणि मोठ्यांना अवघड प्रश्न विचारले. तिला लिहायला शिकवणारे होते, आणि तिचं लिहिलेलं छापणारेही होते. मुलांना बोलायला शिकवायचं, तर आपली ऐकायचीही तयारी हवी.

आता जिवाला लागणारी गोष्ट. आपल्याकडे दहावी झाली न झाली की मुलीला स्थळं येऊ लागतात. कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. तरी लग्नं उरकली जातात, कारण मुलीला कुणी विचारत नाही आणि तिला ‘मला शिकायचंय’ म्हणायची सवय नसते. दोन वर्षं बैठकीत बोललेली मुलगी घरात तोंड उघडू शकते. मात्र सगळा भार तिच्या एकटीवर टाकू नका. तिच्या मैत्रिणींनी आपल्याला सांगावं, आपण तिच्या आई-बापाशी बोलावं. नाहीच ऐकलं तर गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह रोखण्याचा अधिकार आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फुकट नंबर आहे. हा नंबर प्रत्येक मुलीला तोंडपाठ हवा.

शिकलेलं वापरायला जागाही पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. त्या सभेला मुलींना सोबत न्या. त्यांच्या वहीतली एक अडचण त्यांनाच मांडू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तिथं आपणच मुलांचा ठराव वाचून दाखवू शकतो. ग्रामपंचायतीत तर महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. वयाच्या २१ व्या वर्षी आपली लेक त्या खुर्चीवर बसू शकते. ती सहीपुरती सरपंच होईल की कारभार बघणारी, हे आज तिच्या हाती वही देतो की नाही यावर ठरेल.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली किंवा शेजारची एक शाळकरी मुलगी सोबत आणा. त्या दिवशीचा ठराव तिच्याकडून लिहून घ्या, आणि तिलाच मोठ्यानं वाचू द्या.